शिल्प, शिलालेख आणि संहिता : जबलपूरच्या कलासंग्रहांचे एक वाचन

राजशेखराच्या ‘विद्धशालभंजिका’ या नाटिकेचे शीर्षकच एका कोरीव मूर्तीवरून आले आहे. राजा जिला स्वप्नात पाहतो, तिचेच रूप त्याला पुढे शिल्पात भेटते. प्रत्यक्ष नायिका बराच काळ पुरुषवेषाआड राहते. ही नाटिका युवराजदेवाच्या परिषदेसमोर सादर झाल्याचे तिची प्रस्तावना सांगते. हा युवराजदेव म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी नृपती होय. त्रिपुरी म्हणजे जबलपूरजवळचे आजचे तेवर. शब्द आणि शिल्प यांचा असा अन्योन्यसंबंध ज्या परिसरात रंगभूमीवर आला, त्या परिसराच्या कलावशेषांत तो कितपत टिकला आहे, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

जबलपूरचे राणी दुर्गावती संग्रहालय १९७६ मध्ये खुले झाले. १५६४ मध्ये धारातीर्थी पडलेल्या गोंड राणीचे नाव त्याला आहे. संग्रहाचा गाभा मात्र कलचुरी शिल्पांचा आहे. नाव एका राजवटीचे आणि आशय दुसरीचा, ही विसंगती येथे दोष म्हणून नोंदवायची नाही. संग्रहालय हीदेखील एक रचलेली संहिता असते, याची ती खूण आहे. मूळ मंदिरातून निघालेली मूर्ती येथे काळ, पंथ व प्राप्तिस्थान या तीन पदांत बसवली जाते. ज्या स्तुतीच्या, विधीच्या आणि राजप्रशस्तीच्या भाषेत ती घडली, ती भाषा दालनाबाहेर राहते.

भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिराशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. वर्तुळाकार ओवऱ्यांतील अनेक भग्न मूर्तींच्या पीठावर त्या त्या योगिनीचे नाव कोरलेले आहे. येथे शब्द मूर्तीच्याच दगडाचा भाग आहे. शिवाय लोकपरंपरेने दिलेली संख्या चौसष्ट असली, तरी मूळ योजना एक्क्याऐंशी योगिनींची असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. रूढ नाव, कोरीव नावे आणि प्रत्यक्ष रचना असे तीन पाठ एकाच वास्तूत वाचता येतात. पाठभेदांची ही समृद्धी दालनातील एकट्या मूर्तीला लाभत नाही.

शब्द आणि शिल्प यांची याहून मोठी फारकत प्रशासकीय इतिहासाने केली. पूर्वीच्या जबलपूर जिल्ह्यातील बिलहरी येथे सापडलेला, राणी नोहलेच्या शिवमंदिराची प्रशस्ती गाणारा कलचुरी शिलालेख नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. त्या लेखात प्रशस्तीच्या बंधाने विस्मित झालेल्या कवी राजशेखराचा उल्लेख येतो. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि नागपूर राजधानी ठरले. १८६३ मध्ये तेथे संग्रहालय स्थापन झाले. अवशेषांची वाट राजधानीकडे वळली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जबलपूर मध्य प्रदेशात राहिले व नागपूर मुंबई राज्यात गेले. परिणामी, राजशेखराची साक्ष देणारा लेख एका राज्यात आणि त्या राजकुळाची बहुतेक शिल्पे दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती निर्माण झाली.

ही दरी काही अंशी सांधली ती वा. वि. मिराशी यांनी. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कलचुरी-चेदी लेखसंग्रहाने विखुरलेले लेख एकत्र आणले आणि त्या आधारे राजशेखराच्या आश्रयदात्यांचा इतिहासही उलगडला. राजशेखर आपले पणजोबा अकालजलद यांना महाराष्ट्राचे भूषण मानतो, हे ध्यानी घेता मराठी वाङ्मयेतिहासालाही त्रिपुरी परकी ठरत नाही. भाषावार आखलेले वाङ्मयेतिहास मात्र तिला अद्याप शेजारच्या प्रांताची बाब मानतात.

शब्दचित्रांचा विच्छेद अटळ नाही, हे जबलपूरच्याच एका चित्रकाराने दाखविले आहे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले ब्योहार राममनोहर सिंहा यांनी भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे पृष्ठ अलंकृत केले. तेथे हस्तलिखित अक्षर आणि चित्रचौकट मिळून एकच अर्थ घडवितात. जबलपूरच्या शहीद स्मारकातील भित्तिचित्रांतही त्यांचा सहभाग होता. तेथे राष्ट्रीय लढ्याचे कथन भिंतीवर उतरले आणि पाहणे हेच वाचणे झाले.

म्हणून कलचुरी शिल्पांशेजारी बिलहरी लेखाचा ठसा व अनुवाद असणे, आणि नागपूरच्या लेखाजवळ त्रिपुरीच्या मूर्तींची छायाचित्रे असणे, ही सजावटीची बाब नव्हे. तो संहितेच्या पुनर्स्थापनेचा प्रश्न आहे. राजशेखराच्या राजाला शिल्पावरून सजीव नायिकेपर्यंत पोचता आले. आजच्या वाचकाला शिल्पावरून संहितेपर्यंत पोचायचे, तर राज्यसीमा ओलांडावी लागते.