हा माणूस दिवसभर काय करतो?

अलीकडच्या काळात जे वाचले, जे पाहिले आणि मनापासून आवडले, त्याविषयी चार शब्द लिहावेत असा विचार आहे. आम्ही काही समीक्षक नव्हे. उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना शिकवतो, सुटीत पुस्तक हाती आले तर वाचतो, चांगला सिनेमा लागला तर पाहतो. तेव्हा इथे सिद्धान्त वगैरे मिळणार नाहीत. मात्र अमुक का आवडले आणि तमुक का आवडले नाही याचा शोध घेताना एक गोष्ट लक्षात आली. कोणत्याही कथा-कादंबरीत मुसलमान पात्र आले की आमच्या मनात आपोआप एक प्रश्न उभा राहतो. हा माणूस दिवसभर काय करतो?

प्रश्न साधा आहे, पण उत्तर सहसा मिळत नाही. जुन्या हिंदी सिनेमातला मुसलमान शेरवानी घालून शायरी करायचा. त्याच्या घरी कव्वाली व्हायची, झुंबरे लखलखायची, पण घर कशावर चालते हे कळत नसे. नंतरच्या सिनेमात तो टोळीवाला झाला, मग अतिरेकी झाला, किंवा नायकासाठी जीव देणारा नेक दोस्त झाला. गंभीर म्हणवणाऱ्या साहित्यात तो दंगलीत सापडतो, नाही तर त्याच्या घरात तलाक होतो. हे विषय खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. आमच्या मोहल्ल्यांनी दंगली पाहिल्या आहेत आणि तलाकने उद्ध्वस्त झालेल्या बहिणीही पाहिल्या आहेत. पण मुसलमान वर्षाचे ३६५ दिवस दंगलीत आणि तलाकात घालवत नाही. तो सकाळी उठून कामावर जातो. ते काम ज्या कलाकृतीत दिसले, ती आम्हांला आवडली.

पहिला मान अब्दुल बिस्मिल्लाह यांच्या ‘झीनी झीनी बीनी चदरिया’ या हिंदी कादंबरीला. ती १९८६ साली आली. आम्ही फार उशिरा वाचली याची खंत आहे. शीर्षक कबीराच्या भजनातले, आणि कबीर स्वतः काशीचा विणकर. कादंबरीही बनारसच्या विणकरांचीच आहे. मतीन हा तिचा नायक. तो हाजी अमीरुल्लाह यांच्यासाठी साड्या विणतो. त्याची बायको अलीमुन क्षयाने खंगत चालली आहे आणि ती हयातभर ज्या वस्त्राच्या धाग्यांशी झगडली ती बनारसी साडी तिच्या अंगाला कधी लागत नाही. लेखक हे सारे ओरडून सांगत नाही. साडी तयार झाली की हाजीसाहेब ती उलटीपालटी करून पाहतात, कुठे डाग दाखवतात, कुठे तुटलेला धागा दाखवतात आणि मजुरी कापतात. एवढेच तो सांगतो. वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

या कादंबरीचे धाडस वेगळ्या ठिकाणी आहे. मतीनला लुबाडणारा कुणी परका नाही. तो हाजी आहे, नमाजी आहे, मोहल्ल्यातला इज्जतदार माणूस आहे. मतीन विणकरांची सहकारी संस्था काढायला निघतो, पैसा-पैसा जमवतो, बँकेच्या पायऱ्या झिजवतो आणि शेवटी कळते की बड्या लोकांनी कागदावरची संस्था आधीच उभी करून ठेवली आहे. मतीन हरतो. त्याचा मुलगा इकबाल मात्र तो झगडा पुढे नेतो. आपल्यावर बाहेरून होणाऱ्या अन्यायाविषयी आपण पुष्कळ लिहितो, आणि लिहिलेच पाहिजे. पण मशिदीत एकाच सफीत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे दोघे पगाराच्या दिवशी टेबलाच्या दोन बाजूंना असतात, हे आपल्यापैकी कितीजण लिहितात? बिस्मिल्लाह यांनी ते लिहिले. आपल्याच माणसांची बदनामी केली असा आरोप अशा लेखकावर नेहमी होतो. आम्हांला तो मान्य नाही. ज्याची मजुरी कापली गेली तोही कौमचाच माणूस आहे. त्याची बाजू घेणे ही बदनामी कशी?

आम्ही मालेगावात शिकवतो, म्हणून ही कादंबरी आम्हांला जास्त लागली असेल. १८५७ नंतर उत्तरेतून परागंदा झालेली विणकर घराणी इथे येऊन वसली. हातमाग गेले, यंत्रमाग आले, पण काम तेच राहिले. इथे कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात, मजुरी मीटरवर मिळते आणि बाया कांडी भरतात. अलीमुन आमच्या शाळेच्या फाटकात रोज मुलांना सोडायला येते. एकदा नववीच्या वर्गात एक फॉर्म भरून घेत होतो. एका मुलाने वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘लूम कामगार’ लिहिले, मग शेजाऱ्याकडे पाहिले, खोडले आणि ‘बिझनेस’ लिहिले. आम्ही काही बोललो नाही. पण त्या खोडलेल्या शब्दावरून आमची नजर हटेना. आपल्या बापाचे काम लिहिण्यासारखे नाही, हे या मुलाला कोणी शिकवले? त्याने वाचलेल्या एखाद्या धड्यात तरी यंत्रमाग होता काय?

याच गावावरचा रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा सिनेमा २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. नासिर शेख आणि त्याच्या दोस्तांनी तुटपुंज्या पैशांत ‘मालेगाव के शोले’ आणि ‘मालेगाव का सुपरमॅन’ कसे काढले, त्याची ही गोष्ट. यावर फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा सुंदर माहितीपटही आहे. २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर देशभरच्या वर्तमानपत्रांना आमचे गाव एकाच कारणासाठी ठाऊक होते. या सिनेमाने ते दुसऱ्या कारणासाठी दाखवले. पडद्यावर शफीक यंत्रमागावर राबतो आणि त्याच्या डोक्यात नट होण्याचे वेड आहे. फरोग लेखक आहे, त्याला लेखकाची कदर हवी आहे. कर्करोगाने पोखरलेल्या शफीकला दोस्त सुपरमॅन करून उडवतात, तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी आले. शुक्रवारी लूम बंद ठेवून जुम्म्याची नमाज अदा करायची आणि मग सिनेमाला गर्दी करायची, हे ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या केले, त्या गावाची हौस या सिनेमाने ओळखली.

तक्रारही आहे. कारखाना इथे पार्श्वभूमीला आहे. कॅमेरा तिथे रमत नाही, लगेच पुन्हा शूटिंगकडे पळतो. शफीक बारा तास उभा राहून काय करतो, कानांचे काय होते, छातीत जाणाऱ्या सुताच्या धुळीचे काय होते, हे प्रेक्षकाला पुरेसे कळत नाही. बायकांच्या वाट्यालाही जागा थोडीच. नासिरची बायको शबीना आणि नटी तृप्ती, दोघींच्या गोष्टी मोठ्या होत्या. त्या अर्ध्यावर राहिल्या.

‘गर्म हवा’ आम्ही पूर्वी पाहिला होता, या खेपेला पुन्हा पाहिला. एम. एस. सथ्यू यांचा १९७३ चा हा सिनेमा फाळणीवरचा म्हणून ओळखला जातो. आम्हांला तो बुटांच्या कारखानदाराचा सिनेमा वाटतो. आग्र्याच्या सलीम मिर्झांना देश सोडायचा नाही. पण बँक कर्ज देत नाही, सावकार देत नाही, कारण हा उद्या पाकिस्तानात गेला तर पैसे बुडतील. मुलगा सिकंदर पदवीधर आहे, नोकरीसाठी दारोदार फिरतो. हवेली हातची जाते, भाड्याचे घर मिळत नाही. कोणी तलवार उगारत नाही आणि तरी माणूस बेदखल होत जातो. बलराज साहनी यांनी हे सारे केवळ चालण्यातून आणि गप्प राहण्यातून दाखवले. सिनेमा लोकांसमोर येण्याआधीच ते गेले. मिर्झांची नात्यागोत्यातली दुःखे विसरता येतील, पण कर्ज मागायला गेलेल्या माणसाचा तो चेहरा विसरता येत नाही.

नीरज घेवान यांचा ‘होमबाउंड’ २०२५ चा. शोएब आणि चंदन, एक मुसलमान आणि एक दलित, लहानपणचे जिगरी दोस्त. दोघांना पोलिसाची वर्दी हवी आहे. वर्दी असली की कुणी नाव विचारून तोंड फिरवणार नाही, हा त्यांचा हिशेब. शोएबला कचेरीत शिपायाचे काम मिळते आणि तिथे त्याच्या हातून पाण्याची बाटलीसुद्धा भरून घ्यायची नसते. पुढे दोघे सुरतच्या कापड गिरणीत राबतात आणि २०२० ची टाळेबंदी त्यांना रस्त्यावर आणते. शेवट पाहवत नाही. रडवणाऱ्या सिनेमाची आम्हांला जरा धास्तीच वाटते, कारण प्रेक्षक रडून मोकळा होतो आणि घरी जातो. पण अर्ज, परीक्षा आणि निकालाची वाट यांत किती उमर खर्ची पडते, हे या सिनेमाने ज्या बारकाईने दाखवले, त्याला तोड नाही. आमचे कितीतरी माजी विद्यार्थी याच रांगेत उभे आहेत.

आता मराठीकडे येऊ. हमीद दलवाई यांची ‘इंधन’ १९६५ ची. आजारातून उठलेला नायक कित्येक वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि गाव पेटताना पाहतो. दलवाईंच्या सामाजिक विचारांशी आपल्यातल्या अनेकांचे पटले नाही, आणि त्या रागात ही कादंबरी न वाचताच बाजूला ठेवणारेही आम्ही पाहिले आहेत. मतभेद खुशाल ठेवावेत, पण कादंबरी वाचावी. गावातली माणसे परस्परांशी कशी बांधलेली असतात आणि ते बंध कसे तुटतात, हे मराठीत इतक्या थंड डोक्याने सांगणारे पुस्तक सहज मिळत नाही.

तरी आमचा प्रश्न उरतोच. बनारसच्या मागावर हिंदीत कादंबरी झाली, मालेगावच्या पोरांवर मुंबईने सिनेमा काढला. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे माग महाराष्ट्रात आहेत. तिथला मुकादम, कांडीवाली, सूत व्यापारी, रात्रपाळीचा चहावाला यांची भाषा आपल्या कानांत आहे. मग ती मराठीत लिहायची कोणी? आपल्यात लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि दरसाल चांगल्या कथा येतात. पण त्यांतल्या किती कथांत पात्राच्या मजुरीचा आकडा असतो?

तेव्हा लिहिणाऱ्या भाऊ-बहिणींना एवढीच विनंती की, यंदा कुणी तरी कांडीवालीच्या एका दिवसाची गोष्ट लिहावी. फजरला उठण्यापासून रात्री चूल विझेपर्यंतची. दंगल नसली तरी चालेल. आम्ही ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवू. फॉर्मवर शब्द खोडणारा तो मुलगा आता दहावीत आहे, पहिल्या बाकावर बसतो.