स्वतःची जमीन आणि स्वतःचें माणूसपण

ज्या कथेचा शेवट वाचकाला आधींच ठाऊक असतो, तिचा आरंभ निर्विकार मनानें वाचणें अवघड असतें. अमेरिकेंतील गुलामगिरीच्या इतिहासाची हीच अडचण आहे. १८६५ सालीं कायद्यानें नष्ट झालेल्या त्या पद्धतीचें भीषण रूप डोळ्यांपुढें असल्यामुळें, व्हर्जिनियाच्या इंग्रज वसाहतींत प्रथम उतरलेले आफ्रिकन म्हणजे त्या दीर्घ शोककथेचें केवळ पहिलें पान, असें आपण समजून चालतों. टी. एच. ब्रीन व स्टीफन इनिस या अमेरिकन इतिहासकारांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेला ‘माइन ओन ग्राउंड’, म्हणजे ‘माझी स्वतःची जमीन’, हा छोटेखानी ग्रंथ या समजुतीला धक्का देतो; म्हणूनच त्याचा परामर्श घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मूळ हकीकत अशी. १६१९ च्या ऑगस्ट महिन्यांत ‘व्हाइट लायन’ नांवाचें इंग्रज लुटारू जहाज पॉइंट कम्फर्ट येथें आलें. लुआंडाहून मेक्सिकोकडे निघालेल्या एका पोर्तुगीज जहाजावरून हिसकावून घेतलेले वीसांहून कांहीं अधिक आफ्रिकन त्यावर होते. गव्हर्नर व वसाहतीचा मुख्य व्यापारी यांनीं अन्नसामग्री देऊन त्यांस विकत घेतलें. १६२५ च्या खानेसुमारींत साऱ्या वसाहतींत अवघे २३ आफ्रिकन आढळतात, आणि त्यांतील कित्येकांचीं नांवेंहि लिहिलेलीं नाहींत.

अशा निनावी माणसांस नांव, घर व शेजार मिळवून देणें हें या ग्रंथाचें मोठें श्रेय होय. चेसापीक उपसागराच्या पूर्वतीरावरील नॉर्दॅम्प्टन परगण्याचीं जुनीं न्यायालयीन दप्तरें चाळून ग्रंथकर्त्यांनीं जीं माणसें उभीं केलीं आहेत, त्यांत अँथनी जॉन्सन हा प्रमुख. १६२१ सालीं ‘अँटोनियो’ या नांवानें तो तंबाखूच्या मळ्यावर आला. पुढें मेरी नांवाच्या आफ्रिकन स्त्रीशीं त्याचा संसार झाला, दोघें बंधमुक्त झालीं, आणि १६५१ सालीं पांच माणसें वसाहतींत आणल्याबद्दल, माणशीं ५० एकर या नियमानें, त्याला २५० एकर जमीन मिळाली. त्याच्याच शेजारचा फ्रान्सिस पेन यानें तंबाखूच्या मोबदल्यांत आपल्या बायकामुलांची सुटका करून घेतली. उलट, इमॅन्युएल ड्रिगस याला आपलीं मुलें धन्यानें विकलेलीं पाहावीं लागलीं. हीं माणसें गुरें पाळीत, कर्ज काढीत, फिर्यादी करीत. १६७६ पूर्वीं या परगण्यांत माणसाची पायरी ठरविण्यांत वर्णापेक्षां मालमत्तेला अधिक महत्त्व होतें, हा ग्रंथकर्त्यांचा सिद्धान्त होय.

हा सिद्धान्त आकर्षक आहे. पण तो पुरा स्वीकारण्यापूर्वीं थोडें थांबावें असें आम्हांस वाटतें. १६४० सालीं तीन पळालेले चाकर पकडले गेले. दोघां गोऱ्यांची चाकरी चार वर्षांनीं वाढविण्यांत आली. जॉन पंच या आफ्रिकनाला मात्र त्याच अपराधासाठीं जन्मभर चाकरीची शिक्षा झाली. १६४३ च्या कायद्यानें आफ्रिकन स्त्रियांवर डोईपट्टी बसविली; इंग्रज स्त्रियांना ती नव्हती. १६५३ सालीं जॉन्सनचें घर आगींत जळाल्यावर न्यायालयानें त्याच्या बायकोला व मुलींना ती माफ केली. ही उदारता खरीच. पण इंग्रज शेजारणीला जें जन्मतःच मिळालें, तें मेरीला घर जळाल्यावर मिळालें! अशा सवलतीला समता म्हणावें काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जॉन कॅसर नांवाचा आफ्रिकन ‘माझ्या चाकरीची मुदत केव्हांच संपली’ असें सांगून एका गोऱ्या शेजाऱ्याकडे गेला, तेव्हां ‘हा जन्मभर माझाच’ असा दावा खुद्द जॉन्सननें मांडला, आणि १६५५ सालीं न्यायालयानें तो मान्य केला. मालमत्तेनें माणूस स्वतंत्र होतो असें मानलें, कीं दुसऱ्या माणसाला मालमत्ता करणें हेंहि स्वातंत्र्याचेंच लक्षण ठरतें. ग्रंथकर्ते हा खटला लपवीत नाहींत. परंतु त्यांच्या कौतुकाचा ओघ जॉन्सनकडेच वाहतो. कॅसरच्या बाजूनें पाहिलें असतां या सुवर्णकाळाचा रंग फिका पडतो.

शिवाय, मालमत्तेचा आधारहि टिकला नाहीं. जॉन्सन मेरीलँडला गेला व तेथें वारला. १६७० सालीं व्हर्जिनियांतील ज्यूरीनें ठरविलें कीं, तो आफ्रिकन, अर्थात् परका, म्हणून त्याची जमीन सरकारजमा व्हावी. उपसागराच्या पश्चिमेस एलिझाबेथ की या स्त्रीनें १६५६ सालीं, बाप इंग्रज व आपण बाप्तिस्मा घेतलेली, या आधारावर स्वातंत्र्य मिळविलें होतें. १६६२ च्या कायद्यानें अपत्याचा दर्जा आईवरून ठरविला, तर १६६७ च्या कायद्यानें बाप्तिस्म्यानें दास्य सुटत नाहीं असें जाहीर केलें. ज्या दोन दारांतून ती बाहेर पडली, तीं दोन्ही बंद झालीं. गुलामगिरी ही आकाशांतून पडली नाहीं. ती माणसांनीं कलमामागून कलम लिहून रचिली, हाच या इतिहासाचा खरा बोध होय.

एक उणीव मात्र काळाची आहे. हे लोक कोठून आले हें या ग्रंथांत अंधुकच राहतें. लिंडा हेवुड व जॉन थॉर्नटन यांच्या पुढील संशोधनानें अंगोलांतील एन्डोंगो राज्य, तेथील युद्धें व नगरें यांवर प्रकाश पडला आहे. जॉन्सनच्या नातवानें १६७७ सालीं आपल्या ४४ एकरांच्या शेताचें नांव ‘अंगोला’ ठेविलें होतें. त्या एका नांवांत जी स्मृति आहे, ती न्यायालयाच्या दप्तरांत सांपडणारी नव्हे.

असें असूनहि, जिज्ञासूंनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र जॉन्सनच्या अडीचशें एकरांनीं संतुष्ट न होतां, ज्याला एक बिघाहि मिळाला नाहीं त्या कॅसरलाहि वाचतांना सोबत घ्यावें.