‘सम्यक स्मृती’ आणि फडावरचे भान

अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग आपण ‘सम्यक स्मृती’ म्हणून घोकतो. पालीत मूळ शब्द ‘सति’. हे दोन्ही शब्द मराठी कानाला अडतात. सती म्हटले की चिता आठवते. स्मृती म्हटले की २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळलेला ग्रंथ. तेव्हा हे अंग आमच्या माणसांपर्यंत पोचत नाही याचा दोष त्यांच्या अज्ञानावर टाकण्याआधी भाषांतर तपासावे. मला ‘भान’ हा शब्द जवळचा वाटतो. श्वासाचे भान आणि सामाजिक भान, दोन्हीकडे तो चालतो.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून सत्यनारायण गोएंकांच्या पद्धतीची दहा दिवसांची शिबिरे होतात. शुल्क नाही, मौन आहे, पहाटे चारला दिवस उगवतो. मी त्यांना टाकाऊ मानत नाही. माझा आक्षेप इतकाच की, त्यांच्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात अकराव्या दिवसाबद्दलही मौनच असते.

आमच्या पाथर्डी तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली माणसे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. वहीत माणूस नाहीच, हत्यार आहे! तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. काही सुशिक्षित मित्र म्हणतात, हे एकाग्र श्रम हेच ध्यान. मला हे साफ नामंजूर आहे. कोयता बोटावर येईल म्हणून टवकारलेले मन हे भ्यालेले मन आहे. त्याला धम्माचे नाव देणे म्हणजे शोषणाच्या अंगावर चीवर चढवणे.

मग भान कशाला म्हणायचे? संयुत्तनिकायात बांबूवर खेळ करणारा उस्ताद आणि त्याचा शिष्य मेदकथालिक यांची गोष्ट आहे. पालीत या खेळियाला ‘चंडालवंसिक’ म्हटले आहे. म्हणजे भान समजावताना बुद्धाने राजा घेतला नाही, ब्राह्मण घेतला नाही. आपल्या डोंबाऱ्यासारखा माणूस घेतला. उस्ताद म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला. बुद्ध शिष्याची रीत उचलून धरतो, पण तेथे थांबत नाही. स्वतःला राखणारा दुसऱ्याला राखतो आणि क्षांती, अहिंसा, मैत्री, अनुकंपा यांनी दुसऱ्याला राखणारा स्वतःला. हा उत्तरार्ध गाळला की धम्म खासगी औषध होतो. सतिपट्ठानसुत्तातही ‘अज्झत्त’च्या जोडीला ‘बहिद्धा’ आहे. अट्ठकथा त्याचा अर्थ दुसऱ्याचे पाहणे असा करते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्म मुळातच सामाजिक ठरवला, तो असा वाऱ्यावर नव्हे.

त्याच सुत्तात चालणे, हातपाय आखडणे-पसरणे, जेवणे, बोलणे, गप्प राहणे हे सारे येते. त्यासाठी दहा दिवसांची रजा लागत नाही. संध्याकाळी कोपीवर परतल्यावर बायकोवर उगारलेला हात उगारतानाच ओळखणे, हे भान. पाचव्या शीलातला ‘पमाद’ हा शब्द रोज म्हणणाऱ्याला बाटलीकडे जाणारे पाऊल दिसावे. दिवसभर मोळ्या वाहिलेली बाई पुन्हा चुलीपुढे बसली आहे, हे तिच्या नवऱ्याच्या नजरेला पडणे, हे बहिद्धा. आणि उचलीच्या वहीवर अंगठा उठवण्याआधी शाळेत जाणाऱ्या पोरीकडून आकडा मोठ्याने वाचून घेणे, हेही मी त्याच सातव्या अंगात धरतो.