हवापाणी, कावीळ आणि दोन रकान्यांचा तक्ता

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता हमखास असतो. डाव्या रकान्यात 'परिस्थिती', उजव्या रकान्यात 'आजार'. दूषित पाणी – कावीळ, कॉलरा, विषमज्वर. साचलेलं पाणी – हिवताप, डेंग्यू. धूर – खोकला, दमा. तळाशी ठळक अक्षरांत सूचना: 'पाणी उकळून प्या. परिसर स्वच्छ ठेवा.' पर्यावरण आणि आरोग्य हा विषय वर्गात शिकवला जातो तोही बहुतेक याच पद्धतीनं. 'जोड्या लावा' या प्रश्नासाठी ते सोयीचंही असतं.

या तक्त्यातली एकही जोडी चुकीची नाही. तरीही आमची त्याच्याबद्दल तक्रार आहे. गावात खरोखर साथ येते तेव्हा हा तक्ता पाठ असलेल्या विद्यार्थ्याला त्याचा काही उपयोग होत नाही. असं का होतं, ते एका गावाच्या उदाहरणावरून पाहू.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राजूर हे गाव आहे. परिसरातल्या आदिवासी वाड्यापाड्यांची ही बाजारपेठ. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथंच आहे. पश्चिमेला भंडारदऱ्याचं धरण, त्यापलीकडे घाटघर. तिथल्या पावसामुळे त्याला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. शहरातली माणसं हवापालटासाठी या भागात येतात आणि 'इथलं हवापाणी काय छान आहे' असं म्हणत परत जातात. याच राजूरमध्ये 2025च्या एप्रिल-मे महिन्यांत काविळीची साथ आली आणि पिण्याच्या पाण्याबद्दल प्रश्न उभे राहिले.

आता आपला तक्ता काढू. 'दूषित पाणी – कावीळ.' बरोबर! पण पुढे काय? कोणतं पाणी, कुठं दूषित झालं, कधी झालं? सगळ्यांनीच ते प्यायलं असेल तर काही जणच आजारी का पडले? तक्ता गप्प बसतो.

पहिली अडचण 'हवापाणी' या आपल्या लाडक्या शब्दापासूनच सुरू होते. हवा, पाणी, उंची, थंडावा अशा सगळ्याची मोट बांधून आपण 'परिस्थिती' असं नाव देतो. या मोटेनं मोठमोठ्यांना चकवलं आहे. लंडनमध्ये 1848-49 साली कॉलऱ्याची साथ आली. विल्यम फार या नामवंत संख्याशास्त्रज्ञानं मृत्यूंचे आकडे तपासले. वस्ती थेम्स नदीच्या पातळीपासून जितकी उंच, तितके मृत्यू कमी, असं त्याला दिसलं. आकडे इतके चपखल बसत होते की सखल भागातली कुजकी हवाच रोगाचं कारण असणार, असं त्यानं मानलं. आकडे खरे होते, अर्थ मात्र चुकला. सखल वस्त्यांना बहुतेक करून थेम्सचं घाण मिसळलेलं पाणी मिळत होतं.

जॉन स्नो यानं 1854च्या साथीत ही मोट सोडवली. दक्षिण लंडनच्या काही भागांत एकाच गल्लीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नळ होते. हवा तीच, उंची तीच, माणसंही त्याच थरातली. फरक फक्त पाण्याचा. साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल ही कंपनी शहराच्या सांडपाण्याखालचं पाणी उचलत होती. लँबेथ कंपनीनं 1852 साली आपलं पाणी उचलण्याचं ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला नेलं होतं. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर 10,000 घरांमागे पहिल्या कंपनीच्या ग्राहकांत 315 मृत्यू झाले आणि दुसरीच्या ग्राहकांत 37. पुढे 1866च्या साथीत फार यांनीही पाण्याचा मार्ग मान्य केला. वर्गात आपण स्नोच्या पंपाची गोष्ट रंगवून सांगतो, पण तुलनेचा हा भाग बहुधा वगळतो. विज्ञान तर या तुलनेतच आहे.

तक्त्याची दुसरी उणीव म्हणजे त्यात वेळ नाही. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ मुख्यतः दोन विषाणूंमुळे होते, हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत 'ए'च्या बाबतीत साधारण चार आठवडे लागतात आणि 'ई'च्या बाबतीत पाच ते सहा. म्हणजे मेच्या मध्याला ज्याचे डोळे पिवळे दिसले, त्यानं ते पाणी बहुधा एप्रिलमध्ये प्यायलं होतं. आपण मात्र साथ आल्यावर धावत जाऊन आजच्या पाण्याचा नमुना घेतो. तो शुद्ध निघाला की 'पाण्यात दोष नव्हता' असं म्हणायला मोकळे! शुद्ध नमुना आजच्या पाण्याबद्दल सांगतो. महिन्यापूर्वीच्या पाण्याची चौकशी करायची तर कोणत्या आळीत कोण कधी आजारी पडलं याची यादी करावी लागते.

नमुन्याचं आणखी एक आहे. नेहमीच्या तपासणीत विष्ठेतले जिवाणू शोधतात. ते क्लोरीननं चटकन मरतात, विषाणू त्यांच्यापेक्षा चिवट असतात. दिल्लीत 1955-56 साली याचा मोठा दाखला मिळाला. यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी पाणीपुरवठ्यात शिरलं. धोका ओळखून क्लोरीनची मात्रा वाढवली गेली. जिवाणूंमुळे होणारा विषमज्वर वाढला नाही, पण काही आठवड्यांनी सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ईची साथ होती, हे पुष्कळ नंतर कळलं.

तिसरी उणीव, तक्त्यात मार्ग नाही. पाणी उगमापाशी किंवा टाकीत स्वच्छ असूनही नळाला घाण येऊ शकतं. आपल्याकडच्या बहुतेक गावांत नळाला दिवसातून थोडाच वेळ पाणी येतं. पाणी बंद झालं की नळवाहिनीतला दाब उतरतो. वाहिनी गटाराजवळून जात असेल आणि तिला कुठं भेग असेल, तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. नळाला थेट मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. उन्हाळ्यात टंचाई वाढते, पाणी सोडण्याचा वेळ घटतो आणि नळ जास्त काळ कोरडे राहतात. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आपण फक्त तहानेबद्दल वापरतो. खरं तर ती रोगाबद्दलही आहे. टंचाई आणि अशुद्धता हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

यावर उपाय म्हणून पाण्यात टीसीएल पावडर टाकतात. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. दमट हवेत उघडी राहिली तर तो उडून जातो आणि उरते पांढरी भुकटी. म्हणून 'पावडर टाकली का?' हा प्रश्न अपुरा आहे. शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीन उरला का, हे विचारायला हवं. भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरावा आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर 0.5 मिलिग्रॅम.

चौथी उणीव, तक्त्यात माणूस नाही. तेच पाणी प्यायलेल्या सगळ्यांवर सारखाच परिणाम होत नाही. हिपॅटायटिस ए झालेल्या सहा वर्षांखालच्या सुमारे 70 टक्के मुलांत लक्षणं दिसतच नाहीत. मोठ्यांना मात्र बहुधा कावीळ होते. त्यामुळे एक उलटी वाटणारी गोष्ट घडते. जिथं स्वच्छता फार वाईट, तिथं जवळजवळ प्रत्येकाला लहानपणीच नकळत लागण होऊन प्रतिकारशक्ती येते. स्वच्छता अर्धवट सुधारली की मुलं लागण न होता मोठी होतात आणि एखाद्या दिवशी वाहिनी फुटली की कॉलेजच्या वयात आजारी पडतात. हिपॅटायटिस ईचं रूप आणखी गंभीर आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. 'दूषित पाणी – कावीळ' या जोडीत ही बाई कुठंच दिसत नाही. साथ आली की पहिली चौकशी गावातल्या गरोदर बायकांची करायची, हेही मग सुचत नाही.

शेवटी तळाची ठळक सूचना. पाणी उकळून प्यावं हे खरंच, साथीत तर नक्कीच. पण सरपण आणायचं, पाणी भरायचं आणि ते उकळायचं, हे सगळं बहुधा एकाच बाईच्या वाट्याला येतं. फुटलेली वाहिनी दुरुस्त करण्याचं काम तिचं नाही. तक्ता मात्र सगळी जबाबदारी तिच्या चुलीवर ठेवतो आणि पंचायत, पाणी योजना, गटार यांना मोकळं सोडतो. विद्यार्थी यातून नकळत शिकतो की आजारी पडणं ही आजारी पडणाऱ्याची चूक आहे. हा धडा आम्हाला विज्ञान म्हणून चुकीचा आणि माणूस म्हणून अन्यायाचा वाटतो.

यावर कुणी म्हणेल, शाळेत एवढं सगळं कसं शिकवायचं? नारूचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत एके काळी नारूनं माणसं महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळायची. त्यावर लस नव्हती, रोग बरा करणारं औषधही नव्हतं. पण मार्ग नेमका कळला होता. रोग्याच्या पायातून अळ्या पायविहिरीच्या पाण्यात, तिथून सायक्लॉप्स या बारीक जलचरात आणि पाण्याबरोबर पुन्हा माणसाच्या पोटात. पायविहिरी बंद करणं, पाणी फडक्यानं गाळणं, रोग्याला पाण्यात उतरू न देणं, अशा उपायांनी ही साखळी तुटली. भारतातला शेवटचा रोगी 1996 साली सापडला आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. ही साखळी सातवीच्या मुलाला सहज काढता येते.

तेव्हा तक्ता फाडू नका, त्याच्या दोन रकान्यांमधल्या रिकाम्या जागेत बाण काढा. मुलांना घेऊन पाण्याच्या मागोमाग चाला: उगम, टाकी, वाहिनी, नळ, माठ. वाहिनी गटाराला कुठं छेदते ते नकाशावर मांडा. शेवटच्या नळाच्या पाण्याची ओ.टी. चाचणी जलसुरक्षकाला वर्गासमोर करून दाखवायला सांगा. ते रसायन मुलांच्या हाती देऊ नका. रंग किती पिवळा आला, याची तारखेसह नोंद ठेवा. पंचायतीला साथरोगाच्या जोखमीनुसार लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालं आणि का, ते विचारा. प्रत्येक बाणाखाली एक प्रश्न लिहा: हा बाण तोडणं कुणाच्या हातात आहे?

अशी वही एखाद्या शाळेत वर्षभर भरत राहिली, तर पुढच्या उन्हाळ्यात कुणाचे डोळे पिवळे दिसले तेव्हा महिन्यापूर्वी नळाला काय येत होतं, हे निदान त्या वर्गाला तरी सांगता येईल.