गर्वगीतातील न दिसणारे बंदर

नाशिकमध्ये वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याने कुसुमाग्रजांचे 'कोलंबसाचे गर्वगीत' व्यासपीठावर म्हटले नाही, असे क्वचितच घडते. १९४२ साली 'विशाखा'मधून आलेली ही कविता आमच्या शहराने जणू घरचीच मानली आहे. प्रस्तुत लेखकानेही ती शाळेत मूठ आवळून म्हटली होती आणि अर्थ कळण्याआधी टाळ्या मिळवल्या होत्या.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण जहाजावरील पहिला करार संपवून घरी आला आणि 'सहा महिने थांबतो' म्हणाला. त्या वेळी एका समारंभात, त्याच्या देखत, हीच कविता उपदेशादाखल म्हटली गेली. तो मान खाली घालून बसला होता. कवितेचा असा वापर कवितेला मान्य आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत आहे.

कविता पुन्हा वाचली. कोलंबस समुद्राशी बोलतो. भोवती वादळ आहे, अंधार आहे, सोबत्यांच्या मनात खिन्नता आहे. तिची कवी दखल घेतो, पण तिच्यापाशी रेंगाळत नाही. अखेरीस किनारा येतो, तो मात्र समुद्राचा. समुद्राला काठ आहे, माणसाच्या ध्यासाला नाही, असा तो विचार आहे. म्हणजे येथे किनारा ही मर्यादा आहे, विसावा नव्हे. बंदराविषयी कवी अवाक्षर काढीत नाही. बंदरात थांबणाऱ्याला हिणवण्याचे काम पाठांतर करणाऱ्यांनी आपल्या पदरचे जोडले आहे.

तथापि कवितेला सर्वस्वी निर्दोष ठरवणेही मला जमत नाही. इतिहासातला कोलंबस ३ ऑगस्ट १४९२ रोजी स्पेनमधील पालोसहून निघाला, तो सरळ अज्ञातात गेला नाही. 'पिंता' या गलबताचे सुकाणू वाटेतच बिघडले. कॅनरी बेटांवर जवळजवळ चार आठवडे मुक्काम पडला. सुकाणू दुरुस्त झाले. 'नीन्या'ची त्रिकोणी शिडे काढून चौकोनी शिडे चढवली गेली, कारण पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यावर लांबचा पल्ला गाठण्यास तीच सोयीची. पाणी आणि लाकूड भरून ६ सप्टेंबरला ला गोमेरा बेट सोडले व १२ ऑक्टोबरला जमीन दिसली. ज्या शिडांचा गर्व गायला जातो, त्यांतली काही त्या मुक्कामात बदललेली होती! कवीने इतिहास लिहावयास घेतला नव्हता, हे खरे. त्याचा कोलंबस हे पारतंत्र्यातील देशाला हाक देणारे प्रतीक होते. परंतु प्रतीकाला तहान लागत नाही, आणि येथेच कविता मला थोडी पोकळ वाटते.

तहान कोणी लिहिली आहे, याचा शोध घेता आपल्या घरातच सापडतो. 'ख्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. केप ओलांडल्यावरच्या दोन वाटा ते त्यात सांगतात. मादागास्करच्या आतील वाटेने मोझांबिकला थांबता येते. गलबते तेथे पंधरवडा-महिना राहून ताजीतवानी होतात. निघण्यास उशीर झाला तर बेटाच्या बाहेरून जावे लागते, आणि त्या वाटेवर बंदर नाही. हिरड्या सुजतात, त्या कापाव्या लागतात, पाय सुजतात. फादरांच्या गलबताला ही दुसरी वाट घ्यावी लागली. दीडशेहून अधिक आजारी पडले, सत्तावीस दगावले, आणि हा आकडा इतर खेपांच्या मानाने फारसा नाही, असेही ते नमूद करतात. पुढे १६१६ साली छापलेल्या पुराणाची रसाळ भाषा ज्या हाताने लिहिली, त्याच हाताचे हे कोरडे, जवळजवळ हिशेबी गद्य आहे. मला ते गर्वगीताइतकेच भव्य वाटते.

आपल्या काळातील दाखलाही आहे. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची 'म्हादेई' ही शिडाची नौका घेऊन दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाउन येथे ते थांबले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. दुसरा पराक्रम थोर, यात वाद नाही. पण पहिल्याचे नाव 'शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय' असेच नोंदले गेले, चार मुक्काम धरून. एकट्या माणसाला धक्क्याला लागल्यावरच डोलकाठीच्या तारा निगुतीने तपासता येतात, फाटके शीड शिवून घेता येते आणि रात्रभर सलग झोपता येते.

वक्तृत्वस्पर्धेच्या परीक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, गर्वगीताच्या जोडीला फादर स्टीफन्स यांच्या पत्राचा आशय मुलांना सांगावा. दोन्ही एकाच तासात बसतील.

तो तरुण मार्चमध्ये कोचीला जाऊन दुसऱ्या जहाजावर रुजू झाला. जाताना त्याने माझ्याकडून 'विशाखा' वाचायला नेली. ती अद्याप परत आलेली नाही.