घटकांची यादी म्हणजे पुरावा नव्हे

कळंबच्या दुकानातून रंग उजळवणारी एखादी क्रीम घ्या आणि डबीवरची घटकांची यादी वाचा. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापायचे असतात. त्याखालचे मागाहून, कुठल्याही क्रमाने चालतात. म्हणजे पुढे ठळक छापलेलं केशर यादीच्या शेपटाला असेल, तर ते नेमकं किती आहे हे तुम्हाला कळत नाही.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींना क्रीम वापरल्यावर मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासली, तर तिच्यात पारा निघाला. मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला पारा अडवतो, म्हणून त्वचा उजळ दिसते. तोच त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंड बिघडवतो. डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत १ भागापर्यंतच चालतो. मग मुद्दाम घातलेला पारा यादीत कोण छापेल?

म्हणून ‘घटक वाचून सुरक्षितता तपासली’ असं वाक्य एखाद्या पेपरमध्ये दिसलं की तिथेच थांबा. यादी हे उत्पादकाचं म्हणणं आहे, मोजमाप नाही. तिच्यावरून प्रश्न जरूर ठरवा; उत्तर मात्र नमुना तपासूनच लिहा.