सरकार आधी खर्च करतं की आधी कर घेतं? ‘द डेफिसिट मिथ’ वाचताना

स्टेफनी केल्टन यांचं ‘द डेफिसिट मिथ’ (२०२०) हे पुस्तक नव्या वाचकाला चटकन पटतं. मुद्दा थोडक्यात असा: घरात आधी कमवावं लागतं, मग खर्च. स्वतःचं चलन काढणाऱ्या सरकारचं मात्र उलटं असतं. सरकारने खर्च केला की लोकांच्या खात्यांत नवा पैसा येतो, कर भरला की तो नाहीसा होतो. मग कर घ्यायचाच कशाला? एक, त्या चलनाला मागणी राहावी म्हणून. दोन, महागाई आटोक्यात राहावी म्हणून.

पहिल्या कारणाला इतिहासाचा चांगला आधार आहे. ब्रिटिशांनी आफ्रिकेतल्या वसाहतींत झोपडीवर कर बसवला आणि पुढे तो रोखीनेच मागायला सुरुवात केली. रोकड हवी म्हणून लोकांना मळ्यांत, खाणींत मजुरीला जावं लागलं. म्हणजे काय, तर कराने चलन चालवलं.

अडचण पुढे येते. या मांडणीत सरकार आणि मध्यवर्ती बँक बऱ्याचदा एकच तिजोरी धरली जाते. आता आपल्याकडचं बघा. १९५५ पासून सरकारच्या खात्यातली शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली की रिझर्व्ह बँक ‘अ‍ॅड-हॉक ट्रेझरी बिलं’ घेऊन आपोआप पैसा पुरवायची. १९९७ मध्ये ही सोय बंद झाली. एफआरबीएम कायद्यानुसार एप्रिल २००६ पासून, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, रिझर्व्ह बँक सरकारचे नवे रोखे थेट सरकारकडून घेऊ शकत नाही. म्हणजे खर्चासाठी पैसा आणायचा तो करातून, बाजारातल्या कर्जातून किंवा रिझर्व्ह बँकेकडून थोड्या दिवसांची उचल घेऊन.

यावर समर्थक म्हणतील, ही भिंत सरकारनेच बांधलीय, पाडताही येईल. शिवाय रिझर्व्ह बँक बाजारातून जुने रोखे विकत घेतेच की! दोन्ही खरं आहे. पण ‘पाडता येईल’ हे एक विधान झालं आणि ‘आज व्यवहार असा चालतो’ हे दुसरं. पुस्तक एकावरून दुसऱ्यावर इतकं सहज सरकतं की वाचताना लक्षातच येत नाही. आणि भिंत पाडली तरी डॉलर छापता येत नाहीत. १९९१ मध्ये रुपया आपलाच होता, तरी परकीय देणी भागवायला सोनं गहाण टाकावं लागलं. परकीय चलनाची ही मर्यादा केल्टन मान्य करतात, पण पुस्तकाचा मुख्य नमुना अमेरिकाच राहतो.

म्हणून संशोधनाच्या तयारीत हे पुस्तक वाचाच, फक्त पेन्सिल घेऊन. प्रत्येक मोठ्या दाव्यापुढे लिहा: ही व्याख्या आहे, एखाद्या देशातल्या व्यवस्थेचं वर्णन आहे, की धोरणाचा सल्ला? व्याख्येला पुरावा मागायचा नसतो, वर्णनाला मागायचाच असतो. आणि सल्ला दिसला की विचारा, हा नेमका कोणत्या देशासाठी?